कॅफे युरोपा

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपल्यावर छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू स्वीडनमध्ये आले. स्टॉकहोममधील ‘कॅफे युरोपा’ या उपाहारगृहात ते जमत आणि ताटातूट झालेल्या आप्तांची चौकशी करीत. पुढे हेच नाव वंशसंहारातून बचावलेल्या वृद्धांच्या स्नेहमेळाव्यांना मिळाले. अमेरिकेतील ज्यू समाजाच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रांतही ते भरतात. जेवण, गाणी आणि मातृभाषेतील गप्पा. १९५१ मध्ये स्थापन झालेली ‘क्लेम्स कॉन्फरन्स’ त्यांना अर्थसाहाय्य करते. अनेकांनी छावणीविषयी पोटच्या मुलांनाही फारसे सांगितले नव्हते. येथे ते सांगावेच लागत नाही, समोरच्याला ठाऊक असते. जोडीदार गमावलेल्यांना हा आधार मोठा. त्या वेळची बालकेही आता ऐंशी-नव्वदीची आहेत. त्यामुळे ने-आण करणारे वाहन नसले, की भेट चुकते.