हरवलेल्या एरिकाचा बॅकअप

आजचा एपिसोड एका झुडपावर आहे. थांबा, स्किप करू नका. हे झुडूप जंगलातून पूर्ण नाहीसं झालं आणि तरीही परत आलं.

नाव एरिका व्हर्टिसिलाटा, हीथ कुळातलं. उंची साधारण माणसाएवढी. फांदीभोवती गोल कडं करून गुलाबी, नळीसारखी फुलं येतात. आपल्याकडचा शिंजीर माहितीये ना? त्याचेच तिकडचे भाऊबंद या फुलांतला मध पितात. घर एकच: दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनजवळचा केप फ्लॅट्स, म्हणजे पावसाळ्यात ओली होणारी, आम्लधर्मी वाळूची जमीन. पण शहर वाढत गेलं, जमीन गेली आणि 20व्या शतकात हे झाड तिथून संपलं.

मग शोध सुरू झाला बागांमध्ये. 1980च्या दशकात प्रिटोरियाच्या प्रोटिया पार्कात एक झाड सापडलं. पुढे लंडनच्या क्यू गार्डनमधून आणि व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेअर बागेतूनही रोपं मिळाली. व्हिएन्नाची कथा तर भारीच! 1786मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफचे माळी बूस आणि शोल केपला आले होते. तिथली रोपं त्यांच्याच संग्रहातली असावीत, असं मानतात. म्हणजे बॅकअप 200 वर्षं चालला!

केपटाऊनच्या कर्स्टनबॉश बागेने कलमं केली. कोवळी फांदी कापायची, मूळ फुटायचं हार्मोन लावायचं, भरड वाळूच्या मिश्रणात खोचायची आणि खालून ऊब द्यायची. शेणखत अजिबात नाही. मुळं नाजूक असतात, आजूबाजूची माती उकरायची नाही.

पण इथे एक मेख आहे. कलम म्हणजे कॉपी-पेस्ट. हजार रोपं केली तरी झाड एकच. एक रोग आला की सगळी एकदम जाणार. म्हणून वेगवेगळ्या बागांतली झाडं शेजारी लावून बी धरवावं लागतं. फिनबॉस नावाच्या तिथल्या झुडुपी रानाला अधूनमधून आग लागते, आणि बऱ्याच झाडांचं बी धुराची चाहूल लागल्यावरच रुजतं. त्यामुळे रोपवाटिकेत बियांना धूर दाखवतात.

1994च्या सुमारास राँडेव्हलेई अभयारण्यात ही रोपं पुन्हा लावायला सुरुवात झाली. तरी मोकळी वाळू आता थोडीच उरलीये. झाड वाचलं, घर अजून पूर्ण वाचलेलं नाही.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला यातून एकच कळलं: एकाच जागी ठेवलेली गोष्ट सुरक्षित नसते. तुमच्या आजीने लावलेली एखादी जुनी जास्वंद असेल, तर या पावसाळ्यात तिची एक फांदी शेजारी देऊन टाका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!