विलापगीतांतील अक्षरें

पवित्र आठवड्यांतील लॅटिन उपासनेंत पूर्वीं विलापगीतें गातांना प्रत्येक वचनाआधीं ‘आलेफ’, ‘बेथ’, ‘गिमेल’ असे शब्द आळवीत. तीं हिब्रू अक्षरांचीं नांवें होत. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम जाळलें, त्या शोकाचीं हीं गीतें. पहिल्या चार अध्यायांत वचनांचीं आद्याक्षरें २२ अक्षरांच्या वर्णमालेनें चालतात. तिसऱ्यांत प्रत्येक अक्षर तीनदां, म्हणून वचनें ६६. भाषांतरांत हा क्रम उतरेना. नांवें तेवढीं राहिलीं. दुसऱ्यापासून चौथ्या अध्यायापर्यंत ‘पे’ हें अक्षर ‘आयिन’च्या आधीं येतें. ही लेखनिकाची चूक म्हणावयास आम्ही तयार नाहीं. १९७६ सालीं इज्बेत सार्ता येथें सांपडलेल्या प्राचीन खापरावरही तोच क्रम आहे. पांचव्या अध्यायांतही वचनें २२च. परंतु अक्षरक्रम नाहीं. तो मुद्दाम सोडला असावा, असें आम्हांस वाटतें.