मुन्शिपाल्टी : चाळीच्या कानाने टिपलेला आघात

1893 साली बोरीबंदरासमोर मुंबई महापालिकेची इमारत पूर्ण झाली. या संस्थेच्या इंग्रजी नावाचा उच्चार शिकलेल्या गिरगावकराने ‘म्युनिसिपालिटी’ असा केला. लालबाग-परळच्या चाळींत, नळावरच्या बोलण्यात त्याची ‘मुन्शिपाल्टी’ झाली. या उच्चाराला अडाणी म्हणून पुष्कळ हसले गेले. ते हसणे अन्यायाचे होते.

इंग्रजीत हा शब्द सहा उच्चारखंडांचा आहे : म्यु-नि-सि-पॅ-लि-टी. मुख्य आघात चौथ्या खंडावर, ‘पॅ’वर, शेजारचे खंड ओझरते उच्चारले जातात. ‘मुन्शिपाल्टी’त चारच खंड उरले : मुन्-शि-पाल्-टी. गळाले ते ‘नि’ आणि ‘लि’ यांतले दुबळे स्वर. आघाताचा खंड मात्र दीर्घ होऊन टिकला. मधला स्वर गिळण्याची मराठी जिभेची स्वतःचीही खोड आहे (आपण ‘गिरणी’ लिहितो, म्हणतो ‘गिर्णी’), म्हणून सारे श्रेय कानाला देता येणार नाही. तरीही स्वर गळाले ते इंग्रजीतही हलकेच असलेल्या जागी.

याच शब्दाचे मूळ ‘म्युनिसिपल’ घेतले तर आघात ‘नि’वर असतो. पुढे ‘इटी’ हा प्रत्यय आला की तो सरकून प्रत्ययाच्या लगतच्या आधीच्या खंडावर बसतो. युनिव्हर्सिटीत ‘व्हर्’, इलेक्ट्रिसिटीत ‘ट्रि’. ‘शन’ने संपणाऱ्या शब्दांचेही तसेच; कॉर्पोरेशनमध्ये जोर ‘रे’वर.

लघु-गुरू मोजणारा मराठी विद्यार्थी इथे फसतो. ‘एल्फिन्स्टन’ लिहिताना अक्षरे चार, उच्चारताना खंड तीन : एल्-फिन्-स्टन. आपल्या मापाने तिन्ही जड, पण इंग्रज जोर देई तो केवळ ‘एल्’वर. (जाता जाता : कॉलेजचा एल्फिन्स्टन म्हणजे 1819 ते 1827 या काळातला गव्हर्नर माउंटस्टुअर्ट, 2018 साली ‘प्रभादेवी’ झालेल्या स्थानकाचा लॉर्ड एल्फिन्स्टन हा 1853 नंतरचा, दुसराच.)

मराठीत इंग्रजांच्या आधी पोर्तुगीज शब्द आले, तेही आपला आघात घेऊन. ‘इस्पितळ’ हा त्यांतला एक. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा जोर शेवटच्या खंडावर आहे, इंग्रजीत पहिल्या. 1926 साली परळला सुरू झालेल्या केईएमला आजही कुणी इस्पितळ म्हणतो, कुणी हॉस्पिटल. पहिल्यात ‘तळ’ शाबूत आहे, आरंभीचा ‘हॉ’ मात्र नाही.