गीतरामायणाच्या तीन संहिता : नभोवाणी आणि मराठी काव्येतिहास

मराठी काव्याच्या इतिहासात १९५५ हे वर्ष दोन घटनांमुळे लक्षणीय ठरते. बा. सी. मर्ढेकर यांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ या वर्षी प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १ एप्रिल रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर यांच्या गीतरामायणातील पहिले गीत प्रसारित झाले. पहिल्या घटनेची नोंद समीक्षेच्या इतिहासात होते, दुसरीची संगीताच्या किंवा लोकप्रियतेच्या इतिहासात. दोन्ही घटनांचा एकत्रित विचार क्वचितच होतो. वस्तुतः त्यांना जोडणारा एक दुवा उघडपणे उपलब्ध आहे, आणि तो म्हणजे नभोवाणी. नवकाव्याचे प्रवर्तक मानले गेलेले मर्ढेकर १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मृत्यूपर्यंत नभोवाणीच्या सेवेत होते. २० मार्च १९५६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा गीतरामायणाच्या मालिकेतील अखेरची काही गीते प्रसारित व्हायची होती.

हा योगायोग असला तरी तो मराठी समीक्षेच्या एका मूलभूत गृहीतकाकडे निर्देश करतो. साहित्यकृती म्हणजे मुद्रित संहिता, आणि तिचे प्रसारण, गायन वा श्रवण हा नंतरचा व्यवहार, असे हे गृहीतक आहे. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रातील लयतत्त्वाने कलाकृतीच्या स्वायत्ततेला तात्त्विक बैठक दिली. कृतीचे सौंदर्य तिच्या घटकांमधील संवाद, विरोध आणि समतोल यांत शोधायचे असेल, तर ती कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रणेतून आणि कोणत्या श्रोत्यांसाठी सिद्ध झाली हा प्रश्न अप्रस्तुत ठरतो. हे गृहीतक खुद्द मर्ढेकरांच्या वाट्यालाही आले. ‘कर्ण’, ‘संगम’, ‘औक्षण’, ‘बदकांचे गुपित’ या त्यांच्या संगीतिका नभोवाणीच्या सहवासात घडल्या. पण त्यांच्या कवितेच्या चर्चेच्या तुलनेत या रचनांची चर्चा नगण्य म्हणावी इतकी अल्प आहे. श्राव्य माध्यमातील मर्ढेकर आणि मुद्रित कवितेतील मर्ढेकर अशी फाळणी करून समीक्षेने पहिल्याला बाजूला ठेवले. गीतरामायणाच्या बाबतीत संपूर्ण कृतीच बाजूला राहिली. या कृतीचा इतिहास नीट मांडायचा तर तिच्या तीन संहिता वेगळ्या कराव्या लागतात : प्रसारणाची, ग्रंथाची आणि मैफलीची.

पहिली संहिता प्रसारणाची. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले होते. नव्या केंद्रापुढे स्वतःचा श्रोतृवर्ग घडविण्याचे काम होते. या केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांनी वर्षभर चालेल अशा मालिकेसाठी माडगूळकरांकडे आग्रह धरला. संगीतदिग्दर्शन सुधीर फडके यांच्याकडे आले. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत आणि शनिवारी व रविवारी त्याचे पुनःप्रसारण, असा क्रम ठरला. वर्षाचे बावन्न आठवडे धरून आखलेली ही मालिका छप्पन्न गीतांची झाली. कारण त्या वर्षी भाद्रपद अधिक मास आला, आणि रामनवमीस सुरू झालेली मालिका रामनवमीसच, म्हणजे १९ एप्रिल १९५६ रोजी, संपवायची होती. कृतीचा विस्तार कवीच्या आंतरिक गरजेने ठरतो, हे रोमँटिक काव्यविचाराने रूढ केलेले मत येथे अपुरे पडते. गीतांची संख्या काही अंशी पंचांगाने ठरविली आणि काही अंशी प्रसारणाच्या वेळापत्रकाने.

वेळापत्रकाचा परिणाम संख्येपुरता मर्यादित राहिला नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि चित्रपटगीतही बहुधा त्याच मापाने बेतले जाई. नभोवाणीने मात्र पंधरा मिनिटांचा अवकाश दिला. त्यामुळे ध्रुवपदाचे बंधन सांभाळूनही कडव्यांची संख्या वाढविता आली आणि गीताला कथनाचा वेग पेलता आला. भावगीताचा एककेंद्री भाव आणि आख्यानाची प्रसंगपरंपरा यांचा मेळ येथे बसला. कीर्तन आणि आख्यानकाव्य यांची परंपरा माडगूळकरांच्या शैलीत दिसते, हे खरेच. पण ती परंपरा आठवड्याच्या अंतराने तुटणाऱ्या आणि पुन्हा जुळणाऱ्या खंडांत आणली ती नभोवाणीने. प्रत्येक गीत स्वतंत्रपणे पूर्ण वाटावे आणि तरीही पुढील शुक्रवारची अपेक्षा निर्माण व्हावी, ही दुहेरी मागणी या माध्यमाची होती.

रचनेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पात्रमुखाने येणारे कथन. बहुतेक गीते राम, सीता, कौसल्या, भरत, शूर्पणखा अशा कोणा ना कोणा व्यक्तीच्या तोंडी आहेत. वक्ता दिसत नसलेल्या माध्यमात आवाज हाच पात्राचा देह असतो. म्हणूनच मूळ प्रसारणात अनेक गायकांची योजना होती. रामाची गीते फडके यांनी आणि सीतेची प्रामुख्याने माणिक वर्मा यांनी गायिली. वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, ललिता फडके, लता मंगेशकर हेही या मालिकेत गायिले. या बहुस्वरतेत रामकथेची अधिकारवाणी एका निवेदकाकडे राहत नाही. वनवासाचा अर्थ राम, कौसल्या आणि भरत यांच्या आवाजांत निरनिराळा होतो, आणि या आवाजांमधील विसंवाद कोणताही कथेकरी मिटवीत नाही.

पहिल्या आणि अखेरच्या गीतांचा संबंधही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. आरंभी कुश आणि लव रामापुढे रामचरित्र गातात. म्हणजे कथेचा नायक प्रथम भेटतो तो श्रोता म्हणून. अखेरच्या गीतात वाल्मीकी त्या दोन बालकांना गायनाची आज्ञा देतात. शेवट अशा रीतीने आरंभाकडे वळतो, आणि दोन्ही टोकांना कथेच्या घटनांऐवजी कथेचे सांगणे व ऐकणे उभे राहते. वाल्मीकिरामायणातच ही चौकट आहे. तथापि तिची निवड आणि स्थापना श्रोत्यांच्या माध्यमात विशेष अर्थपूर्ण ठरते.

दुसरी संहिता ग्रंथाची. प्रसारणाच्या काळात पुण्यातील दैनिकांतून नवे गीत छापून येत असे. ऐकणे आणि वाचणे हे व्यवहार तेव्हाच परस्परांत मिसळले होते. पुढे १९५७ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आकाशवाणी आणि प्रकाशन विभाग हे दोन्ही माहिती आणि नभोवाणी खात्याच्या अधिकारात होते. एका मराठी काव्यकृतीची मागणी, निर्मिती, प्रसारण आणि मुद्रण हे चारही टप्पे शासकीय व्यवस्थेत पार पडले, ही बाब साहित्याच्या समाजशास्त्राच्या दृष्टीने असाधारण आहे.

या व्यवस्थेचे सांस्कृतिक धोरण काय होते, हे येथे पाहावे लागते. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे या खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा पुरस्कार आणि चित्रपटगीतांवर कठोर नियंत्रण ही त्यांच्या धोरणाची मुख्य सूत्रे होती. परिणामी चित्रपटसंगीताचे श्रोते मोठ्या संख्येने रेडिओ सिलोनकडे वळले, आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीला मनोरंजनाची मागणी मान्य करावी लागली. मधल्या वर्षांत आकाशवाणीने स्वतःचे सुगम संगीत निर्माण करण्याचा प्रयत्न केला. गीतरामायण याच पर्वातले. परंतु त्याचे दोन्ही कर्ते चित्रपटसृष्टीत नावारूपाला आलेले होते. माडगूळकर पटकथा आणि गीते लिहीत, तर फडके चित्रपटांचे संगीतदिग्दर्शक होते. ज्या चित्रपटसंगीताला धोरणाने दूर ठेवले, त्याच क्षेत्रात मुरलेल्या कारागिरीने त्या धोरणाच्या काळातील सर्वांत यशस्वी मराठी कार्यक्रम दिला. अभिरुचीचे नियमन आणि निर्मितीची प्रत्यक्ष प्रक्रिया यांतील हे अंतर धोरणाच्या कागदपत्रांतून कळत नाही. ते कृतीच्या इतिहासातूनच कळते.

तिसरी संहिता मैफलीची, आणि आज सर्वाधिक परिचित असलेली हीच. प्रसारण संपल्यानंतर सुधीर फडके यांनी गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम दीर्घकाळ केले, आणि त्यांच्याच आवाजातील ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. या संहितेत राम, सीता, कौसल्या आणि वाल्मीकी हे सारे एकाच कंठातून बोलतात. बहुस्वर श्राव्यनाट्याचे रूपांतर एका गायकाच्या आख्यानात झाले. हा ऱ्हास नव्हे. कीर्तनपरंपरेशी कृतीचे नाते त्यामुळे अधिक स्पष्ट झाले. मात्र वर्षभर चाललेली प्रतीक्षा, आठवड्याचा खंड आणि आवाजांचा भेद हे मूळ रूपबंधाचे घटक त्यात लोपले. इतर भारतीय भाषांत झालेले अनुवादही मूळ चालींवर गाता यावेत अशा बेताने झाले. शब्दांइतकीच चालही येथे अनुवादकाला बांधून ठेवणारी संहिता आहे.

गीतरामायणाविषयीचे लेखन बहुतांशी याच तिसऱ्या संहितेच्या आठवणींवर पोसले गेले. पहिले गीत हरवले आणि कवीने ते पुन्हा लिहून दिले, यासारख्या आख्यायिका त्यात वारंवार येतात. अशा कथांचे कार्य प्रतिभेचा गौरव करणे हे असते. त्यांतून नियोजन करणारा अधिकारी, वाद्यवृंद, ध्वनिमुद्रणकक्ष आणि वेळापत्रक हळूहळू दिसेनासे होतात. पुणे केंद्रावर व्यंकटेश माडगूळकर आणि बा. भ. बोरकर यांनीही काम केले, तर मुंबई केंद्रावर पु. ल. देशपांडे आणि मंगेश पाडगावकर यांनी. त्यांच्या चरित्रांत ही नोकरी उपजीविकेचे साधन म्हणून नोंदली जाते. लेखनाच्या घडणीशी तिचा संबंध तपासला जात नाही.

आणखी एक अडचण उत्तरकाळाने निर्माण केली. जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली. त्यानंतरच्या राजकीय घडामोडींमुळे शासकीय माध्यमातील रामकथा हा विषय त्या मालिकेच्याच प्रकाशात पाहिला जाऊ लागला. गीतरामायणाला तिचे पूर्वरूप मानण्याचा मोह सहज होतो. साम्ये आहेतच : शासकीय प्रसारण, साप्ताहिक क्रम, श्रवणाला वा दर्शनाला आलेले व्रताचे रूप. एका धर्मनिरपेक्ष राज्याच्या नभोवाणीने कोणाची कथा सर्वांची म्हणून निवडली, हा प्रश्न १९५५ लाही लागू आहे आणि तो टाळता येणार नाही. पण भेदही निर्णायक आहेत. दूरदर्शनची मालिका खाजगी निर्मात्याची आणि जाहिरातींच्या अर्थव्यवहाराशी बांधलेली होती, आणि दृश्य प्रतिमेने देवत्वाला एक निश्चित चेहरा दिला. नभोवाणीला चेहरा देता येत नव्हता. भरताची समजूत घालताना मानवी पारतंत्र्याविषयी बोलणारा गीतरामायणातील राम हा प्रथम एक थकलेला, विचारी आवाज आहे. या भेदांकडे दुर्लक्ष करून दोन्ही कृतींना एकाच रेषेवर बसविणे हे अनैतिहासिक ठरेल.

मुद्रित ग्रंथालाच संहिता मानणारी समीक्षा गीतरामायणाच्या तीन रूपांपैकी मधल्याच रूपाशी बोलू शकते, आणि तेच या कृतीचे सर्वांत कमी अनुभवले गेलेले रूप आहे. मर्ढेकरांच्या संगीतिका आणि माडगूळकरांची गीते यांना एका इतिहासात आणावयाचे असेल, तर त्या इतिहासाचा आरंभ कवितासंग्रहांच्या सूचीत सापडणार नाही. तो केंद्रांच्या कार्यक्रमपत्रिकांत, ध्वनिमुद्रणांच्या नोंदींत आणि शुक्रवारच्या सकाळी पंधरा मिनिटे थांबलेल्या श्रोत्यांच्या आठवणींत शोधावा लागेल.