चावीचा पल्ला : प्रस्तावना

रिमोट स्टार्टची सोय मुळात थंड देशांतली. बर्फात गारठलेले इंजिन घरातूनच सुरू करायचे आणि गाडी उबदार झाली की बाहेर पडायचे, एवढाच तिचा हेतू. पेण-रोह्याकडे ती आली ती उलट्या कामासाठी. एप्रिलच्या दुपारी रोहा स्टेशनाबाहेर उभी केलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. दिव्याहून आलेल्या रेल्वेतून उतरता उतरता त्या गाडीचा एसी चालू करता आला तर कोणाला नको आहे? पण प्लॅटफॉर्मवरून बटण दाबून काही होत नाही. पादचारी पुलावरून कधी लागते, कधी नाही. आणि गाडीजवळ पोचल्यावर हमखास लागते, जेव्हा त्याचा उपयोग उरलेला नसतो. मग माणूस गॅरेजवाल्याला विचारतो, "याची रेंज वाढवता येईल का हो?"

या साध्या प्रश्नात रेडिओशास्त्राचा बराच मोठा भाग दडलेला आहे. आयटीआयची मुले, ऑटो इलेक्ट्रिशियन आणि स्वतःच्या गाडीविषयी कुतूहल असलेला कोणीही या विषयात येऊ शकतो. गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. एकच पूर्वग्रह मात्र दाराबाहेर ठेवून यावे. पल्ला वाढवायचा म्हणजे शक्ती वाढवायची, असे जवळपास सगळ्यांना वाटते. माझ्या मते शक्ती हा या कामातला सर्वांत महागडा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे.

आधी चावीच्या आत डोकावू. आपल्याकडच्या बहुतेक चाव्या 433.92 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. अमेरिकेत आणि जपानमध्ये 315 मेगाहर्ट्झ रूढ आहे. 433.92 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 69 सेंटीमीटर, म्हणून तिच्यासाठी साधा आणि चांगला अँटेना म्हणजे तिच्या चतुर्थांशाएवढी, सव्वासतरा सेंटीमीटरची तार. चावी असते जेमतेम सात-आठ सेंटीमीटरची. तिच्यातला अँटेना म्हणजे सर्किट बोर्डाच्या कडेने काढलेली तांब्याची एक रेघ, आणि सेलने दिलेल्या शक्तीचा मोठा हिस्सा तिच्यातून हवेत जातच नाही. त्यात कायद्याची मर्यादा. 433 ते 434 मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात विनापरवाना वापरता येतो, पण अत्यल्प शक्तीच्या अटीवर. चावीला अ‍ॅम्प्लिफायर जोडला की ती सवलत संपते.

समजा, तरीही कोणी जोडला. हाती काय लागेल? मोकळ्या अवकाशात दुप्पट अंतरासाठी चौपट शक्ती लागते. हॅराल्ड फ्रिस यांचे 1946 सालचे प्रसिद्ध सूत्र तेच सांगते. पण आपण अवकाशात राहत नाही, जमिनीवर राहतो. चावीतून निघालेली लहर गाडीपर्यंत दोन वाटांनी जाते, एक सरळ आणि एक जमिनीवर आपटून, आणि लांबवर या दोघी एकमेकींना जवळजवळ मारून टाकतात. छातीच्या उंचीवरची चावी आणि डॅशबोर्डच्या उंचीवरचा रिसीव्हर धरला, तर हा प्रकार पाच-सहा मीटरनंतरच सुरू होतो. तिथून पुढे दुप्पट अंतरासाठी शक्ती लागते सोळापट. तीस मीटरचे साठ करायला सोळापट! हेच काम उंची फुकटात करते. जमिनीपासून सव्वा मीटरवर असलेला हात पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पाच मीटरवर गेला, तर मोकळ्या जागेत, बाकी काही न बदलता, पल्ला दुप्पट होतो. पादचारी पुलावरून रिमोट कधी कधी का लागतो, याचे उत्तर यात आहे. चावी हनुवटीला टेकवून दाबण्याच्या युक्तीचेही काही अंशी आहे. डोक्यातले पाणी लहरीला साथ देते हे खरे. पण खिशातली चावी हनुवटीपर्यंत येताना जवळजवळ दुप्पट उंचीवर येते, हा हिशेब ती युक्ती सांगणारे सहसा मांडत नाहीत.

मोकळ्या जागेचे गणित पेणच्या आळ्यांत मात्र तसेच्या तसे चालत नाही. मूर्तींच्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी, लोखंडी शटर, रांगेने लावलेल्या गाड्या: लहर या सगळ्यांवर आपटत फिरते. कुठे दोन लहरी मिळून जोर धरतात, कुठे एकमेकींना खोडतात, आणि जोराच्या दोन जागांमध्ये अंतर असते अर्ध्या लहरीएवढे, सुमारे 35 सेंटीमीटर. म्हणजे अर्धे पाऊल. शटरसमोर उभे राहून पाचदा दाबूनही न लागलेला रिमोट जरा बाजूला सरकले की लागतो तो यामुळे. अशा वेळी चावीला शिव्या घालण्यापेक्षा सरकणे बरे.

पावसाळ्यात रिमोट मरतो, अशीही एक तक्रार असते. पावसाच्या धारांचा 433 मेगाहर्ट्झवर परिणाम नगण्य आहे. तो त्रास कितीतरी वरच्या वारंवारितांचा. खारेपाटाच्या खाऱ्या, दमट हवेत चावीच्या आतले सेलचे पत्रे गंजतात, तिकडे आधी पाहावे.

शक्तीपेक्षा अँटेना मोठा, हा धडा महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे. 1927 साली भारत आणि इंग्लंड यांच्यातली बीम वायरलेस सेवा सुरू झाली. संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला होते आणि घेण्याचे दौंडला. त्याआधीची लांब लहरींची केंद्रे प्रचंड शक्ती खर्चून चारही दिशांना ओरडत. बीम केंद्राने आखूड लहरी घेतल्या, अँटेनांची रांग उभारली आणि त्याहून कितीतरी कमी शक्ती एकाच दिशेला लावली. चावीला दिशा देणे अवघड आहे, हे मान्य. पण गाडीतल्या रिसीव्हरची तार आपल्या हातात असते. नंतर बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगच्या किटमध्ये (नाशिकच्या ऑटोकॉपमुळे ही वस्तू आपल्याकडे अनेकांच्या ओळखीची झाली) ही तार बऱ्याचदा गुंडाळी करून डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीमागे कोंबलेली सापडते. ती सोडवून, सरळ करून, धातूपासून दूर काचेच्या जवळ नेली तर जो फरक पडतो, तो चावीत काहीही केले तरी पडत नाही.

दुसरा धडा खोडदचा. नारायणगावजवळची जीएमआरटी ही दुर्बीण 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांनी आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकते, आणि तिचा एक पट्टा आहे 250 ते 500 मेगाहर्ट्झ. आपल्या चावीची वारंवारिता या पट्ट्याच्या आत पडते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुर्बीण उभारली ती शहरांच्या गोंगाटापासून लांब, कारण ऐकणाऱ्याच्या आसपासची शांतता हीदेखील कमाईच असते. गाडीत नेमके उलटे घडते. रिसीव्हरपासून हातभर अंतरावर स्वस्तातला डॅशकॅम, त्याचा चार्जर, नंतर बदललेले एलईडी दिवे. यांतल्या प्रत्येकाचा थोडाथोडा विद्युत गोंगाट, आणि त्यात बिचाऱ्या चावीचा आवाज बुडतो. डॅशकॅम बसवल्यापासून रेंज कमी झाली, असे गिऱ्हाईक सांगत असेल तर त्याला हसू नये. चार्जर काढून पुन्हा दाबून पाहावे.

ऐकणे सुधारण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे सावकाश बोलणे. संदेशाचा वेग निम्मा केला की तेवढ्याच शक्तीत तो अधिक लांबून कळतो. लोरा हे तंत्र याच तत्त्वावर उभे आहे, आणि अमेरिकेतले काही रिमोट स्टार्टर ते वापरून मैलांच्या गोष्टी करतात. पल्ल्याचा प्रश्नच टाळण्याचीही एक वाट आहे. आपल्याकडे 2019 साली ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर यांनी गाडीतच सिमकार्ड आणले. मग मुंबईत बसूनही पेणमधली गाडी सुरू करता येऊ लागली, अर्थात गाडी उभी असेल तिथे मोबाइलला नेटवर्क असेल तर.

आता विषयाची काळी बाजू. पल्ला कमी असणे हे नेहमीच वैगुण्य नसते. बऱ्याचदा ते कुलूप असते. बटणाच्या चावीत संकेताचेही कुलूप असते. दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत तयार झालेली आणि 1995 मध्ये मायक्रोचिपने विकत घेतलेली कीलॉक ही पद्धत दर दाबण्याला नवा संकेत पाठवते, म्हणजे चोराने जुना टिपून ठेवला तरी तो चालू नये. 2008 पर्यंत संशोधकांनी तीही फोडून दाखवली. बटण न दाबता उघडणाऱ्या स्मार्ट चावीची तर गोष्टच वेगळी. तिथे सारी सुरक्षितता चावी जवळ आहे या गृहीतावर उभी असते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी 2011 साली आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग केला: एक यंत्र गाडीजवळ, दुसरे चावीजवळ, मध्ये नुसते संदेश पुढे ढकलणे. दहाही गाड्या उघडल्या. संकेत फोडावा लागलाच नाही, पल्ला वाढवणे पुरेसे ठरले. म्हणून स्मार्ट चावीचे संदेश लांब नेणारा रिपीटर कोणी बसवून मागितला तर कारागिराने सरळ नाही म्हणावे, असे माझे मत आहे.

कायद्याचेही भान हवे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 126 सार्वजनिक जागी उभ्या केलेल्या गाडीबद्दल आहे. चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा चालक नसताना गाडी चुकून चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज हवी. रिमोट स्टार्टची सगळी मदार त्या तिसऱ्या वाटेवर आहे. कंपनीची यंत्रणा गिअर आणि ब्रेक तपासूनच इंजिन सुरू करते. बाहेरून बसवलेल्या जोडणीत तीच तपासणी टाळलेली असेल, तर गिअरमध्ये उभी असलेली गाडी पुढे उडी घेते. बंद गॅरेजमध्ये इंजिन लांबून सुरू करण्याचा तर विचारही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात मोजण्याने करावी. धाटावच्या एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी जो रस्ता मोकळा असेल तो चालेल. टेपने दर पाच मीटरवर खडूची खूण करावी, प्रत्येक खुणेवर दहादा बटण दाबावे आणि किती वेळा लागले ते लिहावे. एकदा दाबून काढलेल्या निष्कर्षाला अर्थ नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी: हाताची उंची, चावीचा कोन, डॅशकॅमचा चार्जर, शेवटी सेल. सीआर2032 सेल मीटरला नुसता लावून पाहिला तर थकलेला असूनही जवळपास तीन व्होल्ट दाखवतो, म्हणून तो चावीत बसवून, बटण दाबलेले असताना मोजावा.