पाणी किती माणसं पोसतं?

आज आपण खुलताबादला जमलो आहोत, तेव्हा सुरुवात इथल्याच एका कबरीपासून करू. मलिक अंबर 1626 मध्ये गेला, त्याची कबर इथेच आहे. लढवय्या म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं.

1610 मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. जमीन कशी? खाली काळा कातळ. पाऊस पडतो आणि वाहून जातो, मुरतो थोडाच. अंबरने उत्तरेच्या डोंगरांकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर, शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. पाऊस होता तेवढाच राहिला, पण शहर वाढू शकलं.

माल्थसने 1798 मध्ये मांडलं, की लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि शेवटी उपासमार, रोगराई तिला आवरतात. आपला हा मुलूख तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातला. संस्थानची लोकसंख्या 1881 ला सुमारे 98 लाख, 1891 ला 1 कोटी 15 लाख आणि 1901 ला 1 कोटी 11 लाख. मधे 1899-1900 चा दुष्काळ येऊन गेला. वाटतं, माल्थस बरोबरच होता की!

पण थांबा. 1972 लाही पावसाने दगा दिला, विहिरी आटल्या. तरी 1971 ते 1981 या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या 5 कोटी 4 लाखांवरून 6 कोटी 28 लाखांवर गेली. दोन्ही मुलूख एकच नव्हेत, हे मान्य. पण यावेळी दुष्काळी कामं निघाली, खडी फोडून का होईना मजुरी मिळाली, बाहेरून धान्य आलं. म्हणजे मर्यादा निसर्ग घालतो. ती माणसाच्या जिवापर्यंत पोचू द्यायची की नाही, हे व्यवस्था ठरवते.

मात्र मर्यादा सरकते, संपत नाही. नहरींची निगा सुटली. आज शहर पैठणच्या जायकवाडीचं पाणी पितं. अंबरचं पाणी उताराने यायचं, हे विजेवर वर चढवावं लागतं. शिवाय ते धरण भरणार की नाही, हे नाशिक-नगरच्या पावसावर आणि तिथल्या धरणांवर अवलंबून. आपली मर्यादा आता आपल्या गावातच राहिलेली नाही.

म्हणून ‘इथे किती माणसं राहू शकतात’ एवढंच विचारून भागणार नाही. सगळ्यात वाईट वर्षी पाणी कुठून येणार आणि ते आधी कोणाला मिळणार, हे विचारायला हवं. इथून उतरताना तेवढं मनात असू द्या.