तळटीप २३ : ‘मर्यादक’ आणि ‘शेकडा उतारा’

२३. फ्रिट्झ हाबर (१८६८–१९३४) याने १९०९ साली कार्ल्सरूह येथे नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून थेट अमोनिया करून दाखवला. लेखकाचा हिशेब त्या प्रक्रियेचा आहे. २८ ग्रॅम नायट्रोजनला ६ ग्रॅम हायड्रोजन लागतो आणि कागदावर ३४ ग्रॅम अमोनिया मिळतो. हायड्रोजन ५ ग्रॅमच असेल, तर नायट्रोजन कितीही ओता, अमोनिया २८.३ ग्रॅमच्या वर जाणार नाही. आधी संपणारा हायड्रोजन हा इथे मर्यादक अभिक्रियाकारक. वजनाने कमी म्हणून तो मर्यादक, असे मात्र नाही : २८ ग्रॅम नायट्रोजनबरोबर ७ ग्रॅम हायड्रोजन घेतला, तर चौपट वजन असूनही नायट्रोजनच आधी संपतो. तुलना करायची ती मोलांची, समीकरणातले १:३ हे प्रमाण धरून.

प्रत्यक्ष उत्पादन भागिले सैद्धांतिक उत्पादन, गुणिले शंभर, हा शेकडा उतारा. मजकुरातले ‘आठ टक्के’ म्हणजे उतारा नव्हे, इथे वाचक हमखास फसतो. ते बाहेर पडणाऱ्या वायूतले अमोनियाचे आकारमानी प्रमाण आहे. सुरुवात १:३ मिश्रणाने झाली असे धरले, तर उतारा सुमारे १५ टक्के निघतो. कारण चार रेणूंचे दोन होतात आणि एकूण वायूच आटतो. अभिक्रिया उलटही चालत असल्याने एका फेरीत सगळा वायू वापरला जात नाही. अमोनिया थंड करून वेगळा काढतात आणि उरलेले मिश्रण पुन्हा उत्प्रेरकावरून फिरवतात. – संपा.